तिच्या नावाची ओ

१५ जुलै, गडचिरोली

पोचले. बाबा मला खोलीवर सोडून चारच्या एस.टी.ने परत गेले आणि मी खिडकीत बसून ही पहिली नोंद लिहिते आहे. डायरी मागच्या वर्षीची आहे. मूल गावातल्या ज्या राईस मिलमध्ये बाबा काम करतात, तिथल्या मालकाने दिवाळीला दिलेली. छापलेली तारीख खोडून मी वर आजची लिहिली. पहिल्या पानावर बाबांनी त्यांच्या ठळक अक्षरात लिहून दिलं आहे : रिना गुलाब निमगडे, बी.ए. भाग एक. आमच्या घरात कुणाच्या नावापुढे असं काही लिहिण्याची ही पहिलीच वेळ. लिहून झाल्यावर बाबांनी शाई वाळेपर्यंत पानावर फुंकर घातली.

खोली लहान आहे पण स्वच्छ. दोन लोखंडी खाटा, एक कोनाडा, अंगणात पेरूचं झाड. घरमालकीण नीलाबाई एकट्याच असतात. त्यांचे यजमान जंगल खात्यात होते, ते वारले. नळ सकाळी सहाला येतो, भात कमी पडला तर मागून घ्यायचा, लाजायचं नाही, असं त्यांनी सांगितलं. लाजायचं नाही हे मला आजवर प्रत्येकाने सांगितलं आहे.

कोनाड्यात बुद्धांची लहान मूर्ती ठेवली. आईने दिलेली लाखोळीची डाळ आणि तांदूळ डब्यात भरले.

दुसऱ्या खाटेवरची मुलगी संध्याकाळी आली. करिश्मा नरोटे. एटापल्लीच्या पुढे, नाल्यापलीकडे तिचं गाव. दोन गाड्या बदलून आणि एक डोंगा, म्हणजे लाकडी होडी, करून आली. पत्र्याच्या पेटीवर पोपट काढलेले. दहा मिनिटांत तिने मला दहा प्रश्न विचारले आणि मी आठांना मान हलवली. मग ती म्हणाली, तुले तोंड हाय का नाई वो, आणि अर्धा पेरू माझ्या हातात कोंबला. मला ती आवडली.

२३ जुलै

कॉलेज सुरू होऊन आठवडा झाला. वर्गात एकशे अठरा जण आहेत. सगळं बरं आहे, एक हजेरी सोडून.

गावच्या शाळेत गुरुजी माझं नाव पुकारत नसत. मी समोर दिसते ना, मग झालं, असं म्हणून ते खूण करत. सातवीत एकदा तपासणीला साहेब आले होते, त्यांनी माझं नाव विचारलं आणि मला ते सांगता आलं नाही. रडू आलं नाही, भीतीही तशी वाटली नाही, फक्त आवाज गळ्याच्या खाली कुठेतरी बसून राहिला. बाबा म्हणाले होते, बुद्ध कमी बोलत, पण वेळेला बोलत. तुला वेळ कळली म्हणजे पुरे.

इथे इतिहासाचे बोरकुटे सर मान वर न करता हजेरी घेतात. नाव पुकारायचं, हजर ऐकू आलं की खूण, नाही आलं की गैरहजर. माझा नंबर बेचाळीस. तिसाव्या नंबरापासून माझे हात गार पडतात. पहिले तीन दिवस मी वर्गात बसून गैरहजर होते.

चौथ्या दिवशी सरांनी ‘निमगडे’ म्हटलं आणि माझ्या बाजूने करिश्माने, आवाज थोडा बारीक करून, हजर सर म्हटलं. तिचा नंबर एक्केचाळीस. आपल्या नावाला जाड आवाज, माझ्या नावाला बारीक. सरांना काही कळलं नाही. मागच्या बाकावरच्या रश्मी उराडेला कळलं. ती म्हणाली, एका तिकिटात दोन सवाऱ्या. करिश्मा म्हणाली, तू बी बस, जागा हाय.

तेव्हापासून रोज तेच चाललं आहे. बाबांना कळलं तर ते रागावणार नाहीत, पण गप्प बसतील.

११ ऑगस्ट

आज पाऊस होता, म्हणून दिवसभर खोलीत. करिश्माने मला हजर म्हणायला शिकवण्याचा चंग बांधला आहे. ती खाटेवर उभी राहून बोरकुटे सरांसारखा चष्मा नाकावर ओढते, निमगडे म्हणते, आणि मी भिंतीकडे तोंड करून हजर म्हणते. भिंतीला ऐकू येतं म्हणे, सरांना यायला दिवाळी उजाडेल.

तिला मास्तरीण व्हायचं आहे. तिच्या गावच्या शाळेत एकच शिक्षक आहे आणि पावसाळ्यात तोही येऊ शकत नाही. तिचे वडील नाहीत. आई बायनाबाई मोहफुलं, तेंदू, चारोळी गोळा करते आणि थोडं धान पेरते. एक मोठा भाऊ होता. करिश्मा त्याच्याविषयी बोलली तेव्हा पोचू, असं नाव घेऊन जरा थांबली आणि म्हणाली, आता घेता येते त्याचं नाव, गोटा उभा झाला.

मी न विचारताच तिने सांगितलं. त्यांच्यात माणूस गेलं की त्याला घरी आणावं लागतं. आई नाहीतर बहीण पाण्याकाठी जाऊन त्याच्या नावाने हाक मारते. मडक्यात पाणी घेऊन त्यावर तांदळाचे दोन दाणे सोडतात. दाणे तरंगत एकमेकांजवळ आले, की ते माणूस घरी आलं. मग त्याच्या नावाचा गोटा, म्हणजे उभा दगड, गावाबाहेर रोवतात. तोवर त्याचं नाव दुसरीकडे कुठे पुकारायचं नाही, आणि चुकून कुणी पुकारलं तर ओ द्यायची नाही. मेलेल्या माणसाला वाट दिसत नाही, ते फक्त ओ ऐकतं. जिथून ओ येईल तिथे ते जाऊन बसतं.

आमच्यात असलं काही मानत नाहीत, असं मी म्हणाले. ती म्हणाली, तुमच्यातले लोक नदीत पोहून राह्यले का मेल्यावर? मग आम्ही दोघी हसलो. नीलाबाईंनी दारातून विचारलं, त्या मुकीले तू काय चारून राह्यली वो, हसून राह्यली आज.

संध्याकाळची वंदना मी मनात म्हणते. आज करिश्मा बाजूला येऊन हात जोडून बसली आणि म्हणाली, देवाले तरी ऐकू जाऊ दे. ते देव नाहीत, गुरू आहेत, असं मी सांगितलं. मग तर अजूनच जोरात म्हण, गुरू हजेरी घेतात, असं ती म्हणाली.

३ सप्टेंबर

करिश्मा आज गावी गेली. नव्या धानाचा सण आहे, देवाला दाखवल्याशिवाय नवं खायचं नाही. चार दिवसांत येईन म्हणाली. जाताना तिने माझ्याकडून कबूल करून घेतलं, की ती नसताना मी माझ्या नावाला स्वतः हजर म्हणेन. आणि माझ्या नावाले बी, असंही हसत म्हणाली. पंच्याहत्तर टक्के भरली नाही तर परीक्षेला बसू देत नाहीत.

पहिल्या दिवशी मला दोन्ही जमलं नाही.

८ सप्टेंबर

आज मी बोलले.

करिश्मा अजून आली नाही. तिकडे चार दिवस पाऊस आहे, नाले भरले, फोनला टॉवर नाही. नीलाबाई म्हणाल्या, दरवर्षीचं आहे, उतरलं पाणी की येईल. मला तिची हजेरी बुडते ह्याची टोचणी लागली होती. माझी बुडाली तर चालेल, माझी सवय आहे, पण तिने माझ्यासाठी रोज दोनदा तोंड उघडलं. वेळ कळली म्हणजे पुरे, हे बाबांचं वाक्य सकाळपासून मनात होतं.

सरांनी ‘नरोटे’ म्हटलं आणि मी म्हणाले, हजर सर. जाड आवाजात, तिच्यासारखं. साडेअकराचा तास होता, म्हणजे अकरा-पस्तीस झाले असतील. वर्गात काही झालं नाही. सरांनी खूण केली. पुढच्याच क्षणी ‘निमगडे’ आलं, आणि मी इतकी आनंदात होते की माझ्या नावाला ओ द्यायची राहूनच गेली.

उतरताना जिन्यात रश्मी म्हणाली, मुकी बोलली म्हणजे उद्या सूर्य पश्चिमेकडून उगवते. मी हसले. खोलीवर येऊन करिश्माच्या खाटेवरची चादर झटकली. आल्यावर तिला सांगायचं आहे.

१८ सप्टेंबर

करिश्मा नाही.

तिच्या गावाकडचा एक शिक्षक आज नीलाबाईंकडे सांगून गेला. आठ तारखेला सकाळी ती परत यायला निघाली होती. नाल्याला पूर होता. गावकऱ्यांनी थांब म्हटलं होतं. डोंगा मधोमध उलटला. तीन दिवसांनी ती खालच्या अंगाला सापडली. तिथेच पुरली.

किती वाजता, असं मला विचारायचं होतं. विचारलं नाही. शिक्षकाने आपणहून सांगितलं, की नाल्याच्या अलीकडच्या त्याच्या शाळेत नुकतीच खिचडी शिजायला टाकली होती तेव्हा आरडाओरड झाली, म्हणजे साडेअकराच्या आसपास.

नीलाबाई ओट्यावर बसून रडल्या. मी आत आले. पोपटांची पेटी खाटेखाली आहे. मी वंदना म्हणायला बसले. सगळं अनित्य आहे, हे मला लहानपणापासून पाठ आहे. पाठ असलेलं आज काही उपयोगाला आलं नाही.

२५ सप्टेंबर

तिचं नाव अजून हजेरीत आहे. नीलाबाई कॉलेजात जाऊन सांगून आल्या. ऑफिसातले अजयभाऊ चांगले आहेत, पण नाव कमी करायला मृत्यूचा दाखला लागतो, आणि तिकडचा दाखला रस्ता सुरू झाल्यावर येणार.

म्हणून सर रोज एक्केचाळीसला नरोटे म्हणतात. आज मी ओठ घट्ट मिटून बसले होते. तरीही हजर ऐकू आलं. सरांनी खूण केली.

कुणी म्हटलं ते बघायला मी मागे वळले. रश्मी वहीत फुलं काढत होती. तिने मान वर करून विचारलं, काय झालं, तूच तर बोलली.

९ ऑक्टोबर

मला आवाज मिळाला आहे. हे लिहिताना लाज वाटते, पण डायरीत खोटं लिहायचं नाही असं ठरवलं आहे.

सरांनी काल एक प्रश्न विचारला, चिमूरला बेचाळीस साली काय झालं. मी उभी राहून पाच मिनिटं बोलले. वर्ग शांत होता. सर म्हणाले, शाब्बास नरोटे. कुणी त्यांना दुरुस्त केलं नाही. मीही नाही. बसताना मला इतकं हलकं वाटलं, की आयुष्यात पहिल्यांदा तिसाव्या नंबरापासून हात गार पडले नाहीत. बाजारात मी भाव करते. नीलाबाईंशी गप्पा मारते. त्या माझ्याकडे कधीकधी कान देऊन, डोळे बारीक करून बघतात.

मात्र ‘निमगडे’ आलं की काही होत नाही. मी हजर म्हणते. माझ्या कानाला ऐकू येतं. सर खूण न करता पुढच्या नावावर जातात.

वंदना आता मोठ्याने म्हणता येते. फक्त ‘सरणं गच्छामि’ला आलं की जीभ अडते, जसं काही हे शब्द मी कुणाकडून तरी ऐकले आहेत, शिकले नाहीत.

२१ नोव्हेंबर

बायनाबाई आल्या होत्या. धानाची कापणी उरकून, दोन गाड्या बदलून, डोक्यावर एक रिकामं मडकं घेऊन. दिसायला तिच्यासारख्या, फक्त बारीक. त्या गोंडीत बोलत होत्या आणि नीलाबाई मला मराठीत सांगत होत्या.

त्यांनी तीनदा पाण्याकाठी हाक मारली. दसऱ्याच्या आधी, दिवाळीला, आणि कापणी झाल्यावर. तिन्ही वेळा दाणे मडक्याच्या दोन काठांना जाऊन चिकटले. गावातली जाणती माणसं म्हणतात, पोरगी कुठेतरी बसली आहे, तिला कुणीतरी जागा दिली आहे. गोटा आणून ठेवला आहे, तसाच आडवा पडून आहे. म्हणून त्या विचारायला आल्या. इथे कुणी तिचं नाव पुकारलं का. कुणी ओ दिली का.

नीलाबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

वेळ कळणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. पेरूखाली तिघी बसलो होतो, दुपारचे तीन वाजले होते, ऊन पडलं होतं. मला एक वाक्य बोलायचं होतं. मी दिली, एवढंच. आणि जो आवाज दीड महिना बाजारात, वर्गात भरभरून चालला होता, तो नेमका तेव्हा नव्हता. गळ्याखाली जुनं तेच रिकामं.

मी मान हलवली. नाही, अशी.

बायनाबाई थोडा वेळ अंगणात आणून ठेवलेल्या पेटीवरच्या पोपटांवरून हात फिरवत बसल्या. मग त्यांनी अजून एक गोष्ट सांगितली, दोष देण्यासाठी नाही, आठवली म्हणून. त्या दिवशी पूर बघून त्यांनीही तिला थांब म्हटलं होतं. ती म्हणाली होती, माझ्या खोलीतल्या मुलीले बोलता येत नाई माय, मी नाई गेली तर तिची हजेरी बुडते.

जाताना त्यांनी माझ्या गालावर हात ठेवला आणि तसाच ठेवून माझ्या डोळ्यांत बराच वेळ पाहिलं. नीलाबाईंना काहीतरी विचारलं. ते त्यांनी मला मराठीत सांगितलं नाही.

५ डिसेंबर

परीक्षेच्या फॉर्मसाठी हजेरीची यादी लागली.
एक्केचाळीस, नरोटे करिश्मा : चौऱ्याण्णव टक्के.
बेचाळीस, निमगडे रिना : एकतीस. तांबड्या शाईत. फॉर्म भरता येणार नाही.

हे एकतीस टक्के तिनेच मिळवून दिलेले. माझा स्वतःचा एकही दिवस नाही.

अजयभाऊंना भेटले. मी रोज येते, असं सांगितलं. दाखला अजून आलाच नव्हता, आणि नीलाबाई सांगून गेल्याचं त्यांना आठवतही नव्हतं. ते म्हणाले, तुझी काय अडचण, तू तर पास आहेस की. ही दुसरी मुलगी तुझ्या खोलीत राहत होती ना, तिला निरोप दे.

९ डिसेंबर

बाबांचा फोन आला. मी बाबा म्हटलं. ते थांबले, मग अगदी आदराने म्हणाले, बाई, जरा रिनाले देता का फोन.

मीच आहे, असं मी म्हणाले. दोनदा म्हणाले.

ते म्हणाले, बरं, ती आली की सांगा, तिच्या आईने तिळाचे लाडू पाठवले आहेत. आणि सांगा, की नाई बोलली तरी चालेल, नुसता फोन कानाले लावून बसली तरी मले कळते.

१४ डिसेंबर

सर्वांत मोठी भीती ही नाही की ती आली आहे. ती करिश्मा आहे, ती मला काही करणार नाही. ती फक्त तिला बोलावलं तिथे येऊन बसली. जागा एकच आहे, आणि मी ती कधी नीट धरून बसलेच नव्हते.

तिला परत जायचं आहे की शिकायचं आहे, कोण जाणे. सकाळी उठले तेव्हा मी उजळणी म्हणत होते, पाढे, लहान मुलांना शिकवतात तसे.

२० डिसेंबर

आज उभी राहिले. सरांनी नरोटे म्हटल्यावर मी सांगणार होते, ती नाही सर, ती आठ सप्टेंबरला गेली. अख्खं वाक्य रात्री पाठ केलं होतं.

तोंडातून हजर सर आलं.

सर म्हणाले, बसूनच म्हण की.

२६ डिसेंबर

हात अजून माझा आहे. हे आज लक्षात आलं. अक्षर माझंच आहे, तिचं तिरकं होतं.

कागदावर सगळं लिहून नीलाबाईंना दिलं. त्यांनी चष्मा लावून एकेक अक्षर जोडत वाचलं, अर्धा तास लागला. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, तवाच काऊन नाई बोलली बाई. त्या मायले महिनाभर अजून वाट पाहा लागली.

मग म्हणाल्या, ज्या तोंडाने ओ दिली, त्याच तोंडाने पाण्याकाठी द्यावी लागते. तिथे बायनाबाई हाक मारतील, तू ओ दे. ती घरी जाईल. पण मग लगेच तुझ्या माणसाने तुला तुझ्या नावाने हाक मारली पाहिजे, आणि त्या हाकेला तू स्वतः ओ दिली पाहिजे. ती ओ तुझी तुलाच द्यावी लागेल. ती कुणी दुसऱ्याने दिलेली चालत नाही. नाही दिली, तर जागा तिचीच होते आणि तू पाण्यावर राहतेस.

त्यांनी बाबांना फोन केला. बाबा असलं मानत नाहीत. पण येतो म्हणाले. काय करायचं एवढंच विचारलं.

४ जानेवारी

सराव करते. भिंतीकडे तोंड करून. रिना. ओ. रिना. ओ.

भिंतीला ऐकू येत नाही.

नीलाबाई चुलीपाशी असतात. मी विचारलं, माझी ओ ऐकू आली का. त्या म्हणाल्या, करिश्मा, मीठ दे वो. म्हटल्यावर हातातली पळी तशीच धरून उभ्या राहिल्या.

९ जानेवारी

पहिल्या पानावरचं माझं नाव — बाबांची शाई पुसट होते आहे. मी वरून गिरवलं. पुन्हा गिरवलं.

१२ जानेवारी, नाल्याकाठी

दुपारचे बारा. पाणी आता गुडघाभर. इथे कुणी बुडेल असं वाटत नाही.

बायनाबाई, नीलाबाई, गावातले चारपाच जण. गोटा आडवा, खड्डा खणून तयार. बाबा मूलहून पहाटे निघून आले. पांढरा शर्ट घातला आहे, पौर्णिमेला विहारात घालतात तो. मला पाहून त्यांनी हात जोडले. मी त्यांची मुलगी आहे, आणि त्यांनी हात जोडले. मग नीलाबाईंना हळूच विचारलं, रिना कुठी हाय.

डायरी मांडीवर आहे. जेवढं होईल तेवढं लिहीत राहते. लिहिते आहे तोवर मी —

बायनाबाईंनी दाणे सोडले. हाक मारली. करिश्मा.

मी ओ दिली. भरल्या आवाजात. झाडांवरून परत आली.

दाणे हलले. सरकले. एकमेकांना टेकले.

सगळे रडत आहेत. गोटा उभा करत आहेत. करिश्मा, घरी पोचलीस. मला खरंच बरं वाटलं.

आता बाबांची पाळी. नीलाबाई त्यांना खुणावत आहेत.

बाबा हाक मारत आहेत. रिना.

मी ओ दिली. दिली ना. मला ऐकू आली —

बायनाबाईंनी मला जवळ घेतलं आहे. केसांवरून हात. काहीतरी बोलत आहेत गोंडीत आणि मला ते कळतं आहे. चल घरी. नवं धान ठेवलं आहे तुझ्यासाठी.

दुसरी हाक. बाबा माझ्याकडे बघत नाहीत. बाबा नाल्यात उतरले आहेत. पँट भिजली. पाण्याकडे बघून हाक मारत आहेत. नीलाबाई सांगत आहेत इकडे, इकडे बघा भाऊ — ते पाण्यातच —

बाबा मी काठावर. तुमच्या डाव्या हाताला. निळी ओढणी. वर बघा.

नाई बोलली तरी मले कळते, म्हणाला होतात —

तिसरी —

बाबा मी इथे आहे मी ह